शेपटीचा तारा आणि आठ इंची मोटर

धूमकेतूचा फोटो काढायचा म्हटलं की जाणती माणसं लडाखात हान्लेला जातात. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंची, हवा कोरडी, आभाळ काजळीसारखं काळं, आणि वर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण. आम्ही कळमनुरीला गेलो. कारण दाजींच्या चुलतमामांचं शेत कळमनुरीच्या शिवारात आहे, आणि हान्लेत दाजींचे कोणी मामा नाहीत.

ऑक्टोबर २०२४. धूमकेतूचं नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलास. जानेवारी २०२३ मध्ये चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेला तो दिसला, फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला, म्हणून हे जोडनाव. २७ सप्टेंबरला तो सूर्याला वळसा घालून निघाला आणि १२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दसऱ्याला, पृथ्वीपासून सात कोटी किलोमीटरवर आला. त्यानंतर तो रोज संध्याकाळी पश्चिमेला दिसणार होता. दाजींनी ही बातमी वाचली आणि माळ्यावरून दुर्बीण खाली काढली. आठ इंची आरसा, चार फुटी पांढरं नळकांडं, आणि तिला पेलायला एक लोखंडी घोडा. या घोड्याचं वजन दाजी कधी सांगत नाहीत. तो नेहमी मी उचलतो.

पुण्याहून नांदेडपर्यंत रेल्वे. तिथून अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी असा एसटीचा रस्ता. कंडक्टरनं नळकांड्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. "हिचं तिकीट?" दाजी म्हणाले, हे सामान आहे. "सामान सीटवर बसत नसतं." मागून एक काका बोलले, "अहो, अंगावरनं पंच्याहत्तरीच्या पुढची दिसते. अमृत योजनेत बसवा, फुकट जाऊ द्या." सगळी गाडी हसली. दाजी हसले नाहीत. पुढं वारंगा फाट्यावर एक शेतकरी चढला. त्यानं नळकांड्यावर टिचकी मारली, तोंडावरचं झाकण निरखलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, "किती एचपीची?"

मराठवाड्यात चार फुटी गोल नळकांडं घेऊन निघालेला माणूस सबमर्सिबल मोटर घेऊनच निघालेला असतो, दुसरं काही संभवत नाही. दाजींनी आरसा, नाभीय अंतर, प्रकाश गोळा करण्याची क्षमता वगैरे समजावून सांगितलं. शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी पाणी उचलत न्हाई." नाही. "मंग येवढं ओझं?" हा प्रश्न आमच्या बहिणीनंही पूर्वी विचारलेला आहे.

मामांचा आखाडा गावाबाहेर. इकडं शेतातल्या वस्तीला आखाडाच म्हणतात, कुस्तीचा संबंध नाही. आमचा आला तो मांडणी करताना. सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली, जागोजागी गंज्या लागलेल्या, आणि पश्चिमेच्या बांधापलीकडं शेजाऱ्याचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू. हडंब्यातून निघणारा भुसा आणि धूळ बरोबर मावळतीवर, जमिनीपासून पंधरा-वीस अंश उंचीपर्यंत, झकास पसरली होती. धूमकेतूही त्याच पंधरा-वीस अंशांत यायचा होता.

मामा बांधावर जाऊन ओरडले, तासभर बंद ठेव बाबा, पुण्याचे पाव्हणे आलेत, त्यांना शेपटीचा तारा बघायचाय. पलीकडून उत्तर आलं, "तारा उद्या बी येतो. माजं सोयाबीन भिजल्यावर कोण देतं?" हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर आणि बाजारात त्याच्या खाली, अशा वर्षात या प्रश्नाला खगोलशास्त्रात उत्तर नाही. पण उत्सुकता वाईट. दहा मिनिटांत हडंबा थांबला आणि शेजारी टॉवेलनं तोंड पुसत आमच्याकडं आला. त्याच्यामागं त्याचे मजूर. मजुरांमागं त्यांची पोरं.

आता मांडणी. दुर्बीण ताऱ्यांमागं नीट फिरावी म्हणून तिचा आस ध्रुवताऱ्याकडं रोखावा लागतो. कळमनुरीला ध्रुव क्षितिजावर साडेएकोणीस अंशांच्या जरा वर असतो. साडेएकोणीस अंशांवर मामांचं लिंबाचं झाड होतं. ते नसतं तरी फरक पडला नसता, कारण ध्रुव दिसायला अंधार पडावा लागतो, आणि पुरता अंधार पडेपर्यंत हा धूमकेतू मावळतीला टेकतो. ज्यानं ही दुर्बीण बनवली त्याच्या डोळ्यापुढं मध्यरात्री डोक्यावर येणारे सभ्य तारे असावेत. संध्याकाळी तासाभरासाठी येऊन पळणारा पाहुणा त्याच्या हिशेबात नव्हता.

घोडा न लावताच फोटो काढायचा तर एक साधा हिशेब आहे. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं; जो आकडा येईल तेवढे सेकंद तारे ठिपके राहतात, पुढं त्यांच्या रेघा होतात. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर दहा सेकंद मिळतात. दाजींच्या नळकांड्याचं नाभीय अंतर १,२०० मिलिमीटर. अर्धं सेकंदसुद्धा पदरात पडत नाही.

"मग ५० ची लेन्स लावू या," मी म्हटलं. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घोड्याच्या जागी गाढव सुचवलं.

त्यातून या नळकांड्याच्या चौकटीत आभाळाचा जेमतेम एक अंश मावतो. शेपटी होती दहा अंशांहून लांब. आणि हान्लेची ती दोन मीटरची? तिच्या कॅमेऱ्यात दहा कलामिनिटं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राचा तिसरा हिस्सा. गाभ्यातून धूळ कशी सुटते, वायू कोणते आहेत, हे शोधायला तिच्यासारखी दुर्बीण नाही. पण आख्खा धूमकेतू तिच्यातून बघणं म्हणजे कुलपाच्या भोकातून वरात बघणं. घोडा दिसला तर नवरदेव नाही.

हे काही आजचं नाही. धूमकेतूचा पहिला फोटो २७ सप्टेंबर १८५८ चा, डोनाटीच्या धूमकेतूचा. तो काढला इंग्लंडमधल्या अशरवूड नावाच्या छायाचित्रकारानं, माणसांचे चेहरे टिपायच्या लेन्सनं, सात सेकंदांत. दुसऱ्या दिवशी हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड यांनी पंधरा इंची दुर्बीण लावली, सहा मिनिटं काच उघडी ठेवली, आणि हाती लागला नुसता मधला ठिपका. शेपटी सगळी अशरवूडकडं. मी हा किस्सा दाजींना आखाड्यावर सांगितला. ते म्हणाले, "अशरवूडला मेव्हणे नसणार."

पण आठ इंचांचा दाजींना जो अभिमान आहे तो अगदीच निराधार नाही, हेही सांगितलं पाहिजे. कळमनुरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. त्या राज्याची स्वतःची वेधशाळा होती, हैदराबादच्या बेगमपेठेतली निजामिया. तिथं आठ इंची कुक दुर्बिणीनं वाट्याला आलेल्या आभाळाच्या पट्ट्याचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर काढले जात, साऱ्या जगानं मिळून करायच्या नकाशासाठी. त्याच वेधशाळेत वडील नोकरीला असलेला एक मुलगा, वेणू बाप्पू, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि जुलै १९४९ मध्ये एका फोटोच्या काचेवर त्याला नवा धूमकेतू सापडला. बाप्पू-बोक-न्यूकर्क. बाँडची फजिती झाली त्याच हार्वर्डच्या दारात! त्या शिष्यवृत्तीत कळमनुरी तालुक्याच्या शेतसाऱ्याचा एखादा पैसा तरी असणारच, असं मी मामांना म्हटलं. मामा म्हणाले, "असंल. परत किती आला?"

सहा वाजून गेले. नैर्ऋत्येला औंढ्याच्या अंगाला शुक्र लखलखला. उजवीकडं स्वाती. त्या दोघांच्या मध्ये, जरा वर, तो. दाजी किंचाळले, "तो बघा!" पंधरा-वीस माणसं बघायला लागली. कुणालाच दिसेना. मागं चंद्र पौर्णिमेला दोन दिवस कमी, आभाळ उजळलेलं. अशा वेळी फिकट वस्तू सरळ बघून दिसत नाही. नजर तिच्या जरा बाजूला ठेवावी लागते, डोळ्याची कड मधल्या भागापेक्षा जास्त जाणते. दाजींनी फर्मान काढलं, "त्याच्याकडं बघू नका. त्याच्या शेजारी बघा." आख्खा आखाडा मान वाकडी करून, नजर तिरकी करून उभा राहिला. मामी म्हणाल्या, "आमी आलो तवा सासरे सुनंकडं असंच बघायचे."

आणि मग एकेकाला दिसायला लागला. मऊ, पिवळसर डोकं आणि वर जाणारी लांब फिकट रेघ, कुणी पांढऱ्या खडूनं ओढून बोटानं पुसल्यासारखी. शेजारी हडंबावाला दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "ह्ये धुळीचं हाय का?" धुळीचंच. सूर्याच्या उन्हात गाभ्यातलं बर्फ उडतं आणि धूळ घेऊन निघतं. "मंग मला काय दाखवूलाले? दिसभर तेच खायलोय."

दुधाळ्याचा विषय निघणारच होता. औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात लिगो-इंडिया ही वेधशाळा होतेय, २,६०० कोटींची, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेली. काटकोनात दोन भुजा, एकेक चार किलोमीटरची. आखाड्यावरच्या प्रत्येकाला आकडा पाठ.

"चार किलोमीटरच्या दुर्बिणीतून ह्यो केवढा दिसंल?"

"दिसणार नाही. तिला डोळाच नाही. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला थरथर सुटते, ती इथं पोहोचल्यावर लेसरनं मोजायची."

"थरथर?" मामी म्हणाल्या. "त्याला येवढा खर्च? आमची भांडी मांडणीवर वाजत्यात की." खरं होतं. त्याच वर्षी २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेनं हलला होता. लिगोच्या माणसांना मात्र नेमकी हीच थरथर वजा करून दुसरी ऐकायची आहे, प्रोटॉनपेक्षाही कितीतरी पट लहान. मामींनी यावर काही म्हटलं नाही. काही गोष्टींवर बोलून उपयोग नसतो, असा चेहरा केला.

बाजेवर मामांची आई. नव्वदीच्या घरातली. तिला दिसलं की नाही कळेना, पण मत तयार होतं. शेपटीचा तारा म्हणजे वाईट. राजावर संकट, पाऊसपाणी, भुई हलणं. दाजी शास्त्रीय दृष्टिकोनावर बोलायला सरसावले, पण तिनंच पुढं तोंड वाकडं केलं. "पर ह्यो उशिरा आलाय. भुई मार्चातच हलली. कयाधूचा पूर पोळ्याला यिऊन गेला. सोयाबीनचं झालंच. आता ह्यो काय सांगणार?" अंधश्रद्धेचा एवढा कडक लेखापरीक्षण अहवाल मी ऐकलेला नाही.

तरी राजाचं कलम बाकी होतं. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला दुपारी, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. म्हातारीनं आमच्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही.

त्या संध्याकाळी गर्दी दुप्पट झाली. तारा आणखी वर आला होता. रोज चार-पाच अंश तो उडी मारत होता. गर्दीतल्या एका कार्यकर्त्यानं पांढरं नळकांडं पाहिलं आणि दाजींना बाजूला घेतलं. "कुणाकडून?" दाजींना कळेना. "अपक्ष ना? चिन्हांच्या यादीत दुर्बीण असते, मला म्हाईत हाय. पण आजपासून झाकायला पाहिजे, तक्रार होते." चिन्हातली असते ती डोळ्याला लावायची, दुनळी, आमची एकनळी आहे, असं दाजींनी पटवून द्यायचा प्रयत्न केला. त्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी मोठी घेतली, चांगलं केलं."

दाजी नळकांड्याला डोळा लावून गाभा शोधत राहिले. मधल्या वेळात मी ५० ची लेन्स लावलेला कॅमेरा ट्रॉलीच्या कडेला दाव्यानं घट्ट बांधला आणि आखाड्यावरच्या गड्याला बटन दाखवलं. दाबलं की हात काढायचा, दोन सेकंदांनी तो आपोआप फोटो घेतो, मग दहा सेकंद कुणी ट्रॉलीला टेकायचं नाही. पोरगं हुशार. त्यानं ट्रॉलीभोवती लोकांना हाकलत दाबत राहायचं काम मन लावून केलं. चौकटीत लिंबाची एक फांदी आली आणि मधोमध धूमकेतू, शेपटीसकट. एवढंच नाही. डोक्याच्या खाली, सूर्याच्या बाजूला, एक बारीक उलटी शेपटीही उमटली. पृथ्वी त्याच्या कक्षेच्या प्रतलातून नुकतीच गेली होती. मागं पसरलेली धूळ अशा वेळी कडेनं दिसते आणि भाल्यासारखी पुढं आल्याचा भास होतो. दाजींनी तो फोटो बघितला, परत बघितला, आणि म्हणाले, "रंग मी दुरुस्त करतो." हार मानायची ही त्यांची रीत आहे.

रात्री त्यांनी पुष्कळ फोटो एकावर एक रचले. तारे जुळवले की धूमकेतू पसरतो, धूमकेतू जुळवला की ताऱ्यांच्या रेघा होतात, कारण तो थांबत नाही. शेवटी दोन्ही वेगळे करून जोडले. उजाडता उजाडता फोटो मामांच्या मोबाइलवर आला. मामांनी तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. भावकीतून तो गावात गेला.

१६ तारखेला कोजागिरी. संध्याकाळी दूध आटायच्या आत आमचा फोटो आम्हालाच परत आला. कोजागिरीच्या हार्दिक शुभेच्छा. खाली हात जोडलेले एक भावी आमदार, त्यांचं डोकं नेमकं धूमकेतूच्या डोक्यावर बसवलेलं, शेपटी त्यांच्या केसांतून निघून वर आभाळात. दाजींनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"उलटी शेपटी कापली," ते म्हणाले.

खाली शुभेच्छुकांची दाटीवाटीनं लिहिलेली नावं होती. दाजींचं नव्हतं, माझं नव्हतं. गड्याचं होतं, फोटोसकट, गॉगल लावून.