गोल आहे ना, मग चालतंय!

मस्कत

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. गाडीही खुशाल, म्हणून हे पत्र.

तुमच्या चिरंजीवांनी जुनी निसान पॅट्रोल घेतल्याचं फोनवर कळलंच असेल. इंजिन उत्तम, एसी थंडगार. फक्त मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी परक्या घरची. चारही चाकांचे टायर २६५/७०/१६, आणि हिचा २३५/७०/१६. मी बोट दाखवलं, तर उत्तर आलं, "डिस्क सोळाचीच आहे. गोल आहे ना, मग चालतंय!" बाबा, हे वाक्य मूळचं कुणाचं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कराडच्या वडापला चार कंपन्यांचे चार टायर बघत वाढलेल्या माणसाला मी काय समजावणार?

थोरलीने मात्र वही काढली. मोठा टायर एका फेरीत २४४ सेंटिमीटर जातो, स्टेपनीचा २३१. म्हणजे किलोमीटरमागे हिला २३ फेऱ्या जादा. "मारू दे की, व्यायाम होईल," इति चिरंजीव.

मग परवाच्या शुक्रवारी अल हमराहून डोंगर चढून पलीकडे बलद सैतच्या कच्च्या घाटात उतरलो. तिथले दगड सुरीसारखे. मागचा उजवा टायर बगलेत असा फाटला की पंक्चरवाल्यानेही हात जोडावेत.

स्टेपनी मागेच लावायची असं मला वाटलं, पण इथे चिरंजीवांतला इंजिनिअर जागा झाला. गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते. मागे दोन मापं आली की वळणापुरतं करायचं काम डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही अखंड करावं लागतं. आमचा तर लिमिटेड स्लिपचा, म्हणजे आतल्या प्लेटा घासून तापणार. तेव्हा पुढचं धड चाक काढून मागे, आणि स्टेपनी पुढे. एका पंक्चरला दोन चाकं खोलायची, चाकाला सहा नट, आणि ऊन मी म्हणत होतं. हे जॅकपाशी, मी चाकांना दगड लावायला, थोरली नट सांभाळायला.

धाकटा टायरवरची अक्षरं वाचत बसला होता. शेवटचे चार आकडे ३६१३, म्हणजे २०१३ सालातला ३६वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, पण कडेला बारीक भेगा. आखाती उन्हात रबर नुसतं टांगूनही म्हातारं होतं. धाकट्याने विचारलं, "हा माझ्यापेक्षा मोठा आहे, मग ह्याला अहो म्हणायचं का?"

उतार तीव्र, म्हणून फोर-व्हील लो टाकावाच लागला. खडीवर ते खपतं, कारण मापातला फरक चाकं जराशी घसरून मिटवतात. डांबरावर घसरायला वाव नसतो. तिथे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि ट्रान्सफर केसवर संक्रांत येते. म्हणून डांबर लागताच हे खाली उतरले, पुढचे हब मोकळे केले, टू-व्हीलवर आले, आणि रुस्ताकपर्यंत अशा वेगाने नेलं की मागच्या पिकअपमधल्या बकऱ्यांनी आमच्याकडे कंटाळून पाहिलं.

शुक्रवार दुपार, सगळी दुकानं नमाजासाठी बंद. उघडल्यावर मल्याळी टायरवाल्याने आमची स्टेपनी निरखली आणि म्हणाला, "साब, ये स्टेपनी नहीं, शोपीस है." ह्यांनी एकच नवा टायर मागितला. तो म्हणाला, नवा आणि झिजलेला यांच्या उंचीतही सेंटिमीटरभर फरक पडतो, मागे जोडीच घाला. पंधरा मिनिटं घासाघीस झाली. शेवटी मागे नवी जोडी, पुढे जुने दोन, आणि उरलेला तिसरा जुना स्टेपनीच्या जागी. आता पाचही एका मापाचे. "बघ, स्टेपनी फुकटात पडली," असा हिशेब ह्यांनी घरी येईपर्यंत ऐकवला.

प्रश्न उरला त्या २३५ चा. तो सध्या बाल्कनीत माझ्या तुळशीशेजारी आहे. टाकू देत नाहीत. कार्गोने गावी पाठवला तर ट्रॉलीला बसेल का, असं तुम्हाला विचारायला सांगितलंय. बाबा, बसत असला तरी "नाही" म्हणूनच कळवा.

तुमची,
सूनबाई