कोरियन नूडल्स: साहित्य, कृती आणि तात्या

पूर्वतयारी: घरी कोरियन नूडल्स करायच्या असतील तर सर्वप्रथम तात्यांना ओट्यापासून लांब बसवावं. तात्या म्हणजे माझे सासरे. असे तात्या घरोघरी असतात, कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे दादा. जगातला कुठलाही पदार्थ समोर ठेवा, "ह्यात काय नवीन, हे आपल्याकडे होतंच" हे त्यांचं पहिलं वाक्य असतं आणि "अजून उरलंय का?" हे दुसरं. ह्या दोन वाक्यांच्या मधल्या वेळात स्वयंपाक उरकता यावा, एवढाच प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू आहे.

नियम पहिला, पाकिटाविषयी. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या दुकानांत हल्ली मॅगीच्या शेजारी काळी, लाल, गुलाबी कोरियन पाकिटं मांडलेली असतात. ती आणल्या आणल्या लपवावीत. तात्या नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत आणि छापलेली कुठलीही वस्तू ते उजेडासमोर धरल्याशिवाय खरी मानत नाहीत. मूळ मजकुरावर आयातदाराचं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्याखाली काय दडवलंय हे नखाने खरवडून पाहण्यात त्यांचा अर्धा तास जातो आणि तोवर आमच्या कन्येची भूक मरते. हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे मात्र आपणही पाहावंच. ह्या मसाल्यांत मुळात बरेचदा गोमांसाचा नाहीतर कोंबडीचा अर्क असतो. शाकाहारी पाकिटं वेगळी मिळतात, पण नुसतं मशरूमचं चित्र बघून खात्री धरू नये.

नियम दुसरा: पाणी मोजून घ्यावं. मॅगीने १९८३ पासून आपल्याला दोन मिनिटांची आणि अंदाजाची सवय लावली, ती इथे मोडते. ह्या नूडल्स जाड असतात. रस्सेदार प्रकाराला पाकिटामागे साधारण ५५० मिलिलिटर पाणी आणि साडेचार-पाच मिनिटं लागतात. आच मोठी ठेवावी, झाकण ठेवू नये. मधून मधून नूडल्स चिमट्याने उचलून हवेत धराव्यात आणि परत बुडवाव्यात. त्याने त्या चिवट राहतात असं कोरियन लोक मानतात, आणि मलाही तसं वाटतं. बुलडाकसारखा कोरडा प्रकार असेल तर पाच मिनिटं उकळून आठेक चमचे पाणी ठेवायचं, बाकीचं ओतून द्यायचं, मग सॉस घालून अर्धा मिनिट परतायचं. राहिलेल्या पाण्यात पीठ उतरलेलं असतं, त्यामुळे सॉस नूडल्सला धरून बसतो. पाणी ओतताना मागून "सगळं सत्त्व मोरीत घातलंस" असा आवाज येतो. तो कृतीचाच भाग समजावा.

तात्यांच्या पाणी न टाकण्यामागे इतिहास आहे, म्हणून मी ह्या बाबतीत फार बोलत नाही. कोरियात पहिलं पाकीट सामयांग कंपनीने १९६३ साली काढलं. तांदळाची टंचाई होती, अमेरिकेचा गहू मदत म्हणून येत होता, आणि त्या गव्हाचं काय करायचं ह्याचं एक उत्तर म्हणजे ह्या नूडल्स. त्याच दशकात आपल्याकडेही रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो ज्वारी यायची. त्या गव्हाच्या पोळ्या कशा वातड व्हायच्या हे तात्या आजही तोंड वाकडं करून सांगतात. शाळेतून आल्यावर रेशनच्या रांगेत त्यांनाच उभं करत. कोरियन लोकांनी तोच गहू उकळून जगाला विकला, हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

नियम तिसरा, तिखटाविषयी. २०१२ साली निघालेल्या ह्या बुलडाकचे तीन प्रकार जून २०२४ मध्ये डेन्मार्कने जास्त तिखट म्हणून बाजारातून परत मागवले. तात्यांनी बातमी मोठ्याने वाचली आणि डेन्मार्कच्या अधिकाऱ्यांना नाशिकला बोलावून मिसळ खाऊ घालावी असं सुचवलं. मिसळीचं तिखट मात्र वेगळ्या जातीचं आहे. काळा मसाला आधी नाकाला वर्दी देतो, मग जिभेवर येतो. हे कोरियन तिखट गोडाच्या आडून येतं आणि घास गिळल्यावर पेटतं. अशा वेळी पाणी पिऊ नये. मिरचीतला झोंबणारा अंश पाण्यात विरघळत नाही, दुधातली प्रथिनं मात्र त्याला धरून काढतात. मिसळीच्या ताटात दह्याची वाटी असते आणि बुलडाकवर चीजची चकती टाकतात, ती ह्याचसाठी.

नियम चौथा: शेजवान चटणी घालू नये. कशातच घालू नये.

नियम पाचवा: फुरके मारून खावं. ह्या एका बाबतीत तात्यांना शिकवणी लागली नाही, बशीतल्या चहाने त्यांचा पाया पक्का केलेला आहे.

किमची घरी घालायची तर कोरियन मिरचीपूड नसली तरी अडत नाही. ब्याडगी जाडसर कुटून घ्यावी, रंग येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. किमचीत लसूण असतो, तेव्हा चातुर्मासात तिचा विषय काढू नये. कांद्याच्या बाजाराचं लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कोरियन तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपलं घाण्याचं तेल त्याच्या जागी घातलं तर समईचा वास येतो, तेव्हा संक्रांतीचे उरलेले तीळ खरपूस भाजून, चुरडून वरून पेरावेत.

आता जापचे, म्हणजे भाज्यांबरोबर परतलेल्या कोरियन नूडल्स. त्याला रताळ्याच्या सत्त्वाच्या काचेसारख्या नूडल्स लागतात. त्या मिळेनात आणि मिळाल्या तर परवडेनात, म्हणून घरात कुरकुर चालली होती. तात्या पेपरामागून म्हणाले, "कुरडया घे."

इथे मला लिहायला जड जातंय, पण म्हातारा बरोबर होता. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, सत्त्व खाली बसवून, चीक शिजवून सोऱ्यातून घातलेली कुरडई म्हणजे सत्त्वाच्या वाळवलेल्या शेवयाच. आपण ती तळतो, पण नाशिक-खानदेशात कुरडई भिजवून कांद्यावर परतून भाजीही करतात. तीच वाट धरावी. उकळतं पाणी ओतून पाचेक मिनिटं झाकावं, मऊ पण अख्खी असतानाच निथळावं. चीक आधीच शिजलेला असतो, जास्त भिजली की लगदा होतो. गाजर, पालक, मशरूम वेगवेगळं परतून घ्यावं, मग कुरडई, सोया सॉस, चिमूटभर साखर, तीळ. कुरडईत मीठ असतंच, त्यामुळे सॉस नेहमीच्या निम्मा पुरतो.

उन्हाळ्यात गच्चीवर राखण करून वाळवलेल्या कुरडया आमच्याकडे दिवाळीपर्यंत पुरायच्या. आता आषाढातच डबा वाजायला लागतो. तो सर्वांत वरच्या फळीवर ठेवावा. तात्यांचा हात तिथे पोचत नाही. नातीचा पोचतो, आणि ती त्यांना फितूर आहे.