पाणी एप्रिलमध्ये येईल

जानेवारीत लेहला जायचं ठरलं ते निव्वळ काटकसरीपोटी. उन्हाळ्यात ज्या खोलीचा भाव ऐकूनच धाप लागते, ती निम्म्याहून कमी पैशांत मिळतेय, हे हिने शोधून काढलं. भाव का उतरलाय, हे मात्र आम्ही दोघांनीही शोधलं नाही.

विमान उतरताना बाहेर उणे १२ अंश असल्याची घोषणा झाली. ‘उणे’ हा शब्द मी शाळेनंतर थेट तिथेच ऐकला.

घरमालकीणबाईंना सगळे आमा-ले म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी ‘जुले’ म्हणत स्वागत केलं आणि दोन दिवस नुसतं पडून राहायला सांगितलं. लेह ३५०० मीटरवर आहे, विरळ हवेची सवय व्हायला हवी. आयुष्यात प्रथमच माझ्या आळसाला वैद्यकीय मान्यता मिळाली.

संध्याकाळी नळ सोडला. नळ गप्प.

“आमा-ले, पानी कितने बजे आता है?”

“अप्रैल में,” त्या शांतपणे म्हणाल्या.

पाइपात पाणी गोठलं की पाइप फुटतात, म्हणून थंडीआधीच ते रिकामे करून ठेवतात. दोघांत दिवसाला एक बादली गरम पाणी. अंघोळीचा विषय आम्ही पुढे चार दिवस काढलाच नाही. संडासही कोरडा: जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती टाकायची; पुढे त्याचं शेतासाठी खत होतं. पण उणे अंशांत तिथे वर्तमानपत्र घेऊन जायची हिंमत मराठी माणसालाही होत नाही.

तिसऱ्या दिवशी बाजारात गेलो. पर्यटकांसाठीची बहुतेक दुकानं बंद. मी पुण्याचा, दुपारी एक ते चार बंद समजू शकतो. पण ऑक्टोबर ते एप्रिल बंद ही साधना आमच्याकडेही कुणाला जमलेली नाही. उन्हाच्या बाजूला मात्र आजीआजोबा जपमाळ ओढत ओळीने बसले होते. आम्हीही सरकून जागा मिळवली. तोंड भाजत होतं, पाठ गोठत होती.

मग राजवाडा. सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्यालच्या काळात उभा राहिलेला, नऊ मजली, मातीच्या रंगाचा. राजघराणं पुढे स्तोकला राहायला गेलं. इतिहासकार त्याला डोग्रांची स्वारी कारण सांगतात. मला धापा टाकताना जिन्यांचा संशय आला. वरून सगळं शहर दिसत होतं: घरोघरीचा धूर, जामा मशिदीचे मिनार, पलीकडे पांढरे डोंगर. बघायला आम्ही दोघं आणि एक कावळा.

रात्री बुखारी नावाच्या शेगडीभोवती आमा-लेंनी गुरगुर चहा दिला, लोणी आणि मीठ घातलेला. चहा म्हणून प्यायलो तेव्हा फसलो. सार समजून प्यायलो तेव्हा दुसरा कप मागितला. त्या उशिरापर्यंत घरच्या गोष्टी सांगत बसल्या. “गर्मी में तो बस चादर बदलती हूँ,” त्या म्हणाल्या, “बात करने का टाइम अभी है.”

घरी येऊन हिने हिशोब मांडला. खोलीत वाचलेले पैसे लोकरीचे मोजे, बंड्या आणि जाकिटांत गेले होते, वर थोडे जास्तच. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून जानेवारीत लेहला जाऊ नका. गप्पांना वेळ असलेलं लेह पाहायचं असेल तर जरूर जा. फक्त अंघोळ घरून करून निघा.