सेन्सरपंतांचं पक्षांतर

‘कॅमेरा कोणता घेऊ?’ हा प्रश्न सेन्सरपंतांना विचारणाऱ्यानं संध्याकाळ मोकळी ठेवावी. प्रश्न बजेटचा असतो, उत्तर फोटॉनपासून सुरू होतं. मेगापिक्सेलपर्यंत यायला दोन चहा लागतात आणि लेन्सचा विषय निघेपर्यंत विचारणारा मनातल्या मनात मोबाइलवर समाधान मानायला तयार झालेला असतो.

पंत बँकेत नोकरी करतात आणि फोटो काढतात ते मुख्यतः भिंतीचे. सोसायटीमागे विटांची एक कुंपणभिंत आहे. लेन्स कोपऱ्यात किती स्पष्ट आहे आणि सरळ रेषा किती वाकवते, हे विटांवर छान दिसतं. त्यामुळे पंतांच्या हार्ड डिस्कवर मुलीपेक्षा विटांचे फोटो जास्त आहेत.

काही वर्षांपूर्वी पंत मायक्रो फोर थर्ड्सचे कडवे कार्यकर्ते होते. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, लेन्स इवल्याशा, सगळा संसार एका खांदापिशवीत. सिंहगड चढताना मोठे कॅमेरे वागवणाऱ्यांकडे बघून ते ‘हमाल!’ म्हणायचे. चौकट तीच ठेवली तर त्यांच्या एफ/२ ला फुलफ्रेमच्या एफ/४ इतका खोल फोकस मिळतो, म्हणजे ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले मामासुद्धा ओळखू येतात, हे त्यांनी प्रत्येक लग्नात सांगितलं. मामांना ते पटलंही होतं.

मग एका दिवाळीत घरात फुलफ्रेम आला. ३६ बाय २४ मिलिमीटर. सभागृहात बाक बदलला की भाषण बदलतं, तसं झालं. ८६४ चौरस मिलिमीटर विरुद्ध २२५, म्हणजे जवळपास चौपट जागा. छिद्र आणि शटर तेच ठेवलं तर प्रकाशही चौपट, म्हणून अंधारात नॉइज कमी. आणि तो खोल फोकस? तो आता ‘सपाट, पासपोर्टछाप’ झाला. गंमत अशी, की पंतांच्या दोन्ही भाषणांत एकही आकडा खोटा नव्हता. नफ्याचा रकाना फक्त आपल्या कॅमेऱ्यापुढे आणि तोट्याचा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे वाचायचा, एवढंच कसब.

लेन्सच्या बाबतीत तर कमालच. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स १६० ग्रॅमची, एफ/१.२ वाली ९५० ग्रॅमची. प्रकाश सव्वादोनपट, वजन जवळपास सहापट. जुन्या पंतांनी हा हिशेब माइक घेऊन सांगितला असता. नव्या पंतांच्या गळ्यात ती जड लेन्सच लोंबकळते. मानेला पट्टा असतो, पण तो कॅमेऱ्याचा की डॉक्टरांचा हे दिवसावर अवलंबून. वर दाखला कुब्रिकचा: १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये त्यानं एफ/०.७ ची झाइस लेन्स लावून मेणबत्तीच्या उजेडात दृश्यं टिपली. टिपली खरी, पण फोकसची पट्टी इतकी चिंचोळी होती की नटांना जागचं फारसं हलता येत नव्हतं. पंतांच्या आत्या काही कुब्रिकच्या नट नव्हेत. त्या बोलता बोलता पुढे झुकल्या. फोटोत नथ अशी धारदार आली की मोती मोजावेत. आत्या मात्र विरघळल्या.

पण पंतांना नुसतं हसून सोडणं अन्यायाचं होईल. भाचीच्या लग्नात हॉलमधल्या स्वस्त एलईडी दिव्यांमुळे फोटोग्राफरच्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बहुतेक सेन्सर चित्र एका दमात न वाचता ओळीओळीनं वाचतात, त्यामुळे काही ओळी उजेडाच्या वाट्याला येतात, काही मंद क्षणाच्या. ‘शटर एक पन्नासांशावर आण,’ पंतांनी फर्मावलं. पट्टे गेले. फोटोग्राफरनं हात जोडले, आणि ती चूक झाली. मंगलाष्टकं संपेपर्यंत पंत त्याला सोनीच्या ए९-३ बद्दल सांगत होते: सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा २०२३ चा कॅमेरा, पण त्याचा मूळ आयएसओ २५०, सावल्यांत थोडी किंमत मोजावीच लागते. अक्षता पंतांच्या हातातच राहिल्या.

पंतांनी स्वतः केलेलं चित्रीकरण अजून कुणी पाहिलेलं नाही. ते त्यांनी एच.२६५ मध्ये, १०-बिट ४:२:२ घेतलंय. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४, त्यामुळे संध्याकाळच्या आकाशात रंगांचे थर दिसत नाहीत. (लग्न हॉलमध्ये होतं. आकाश नव्हतं.) एच.२६५ मोजक्याच चौकटी पूर्ण साठवतं आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदललं ते टिपून ठेवतं. फाइल छोटी होते, पण उघडताना मधलं सगळं संगणकाला नव्यानं जुळवावं लागतं, आणि पंतांचा जुना लॅपटॉप तिथं मान टाकतो. सप्तपदीचं तिसरं पाऊल सुरू झालं की पंखा विमानासारखा गरजतो आणि नवरा-नवरी गोठतात. प्रोरेस प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवतं, संकलन सुसाट होतं. पण फाइली अशा फुगतात की नवी डिस्क हवी. डिस्कसाठी मंजुरी स्वयंपाकघरातून मिळायची असते.

तूर्त ती फाइल तुंबलेलीच आहे, कारण पंतांचं लक्ष उडालंय. परवा ते फुजीच्या जीएफएक्सचं माहितीपत्रक वाचत होते. सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर.

‘फुलफ्रेम, फुलफ्रेम म्हणतात,’ चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, ‘पण खरं सांगू का, तोही तसा लहानच.’

आतून काकूंनी कपाटाला कुलूप लावल्याचा आवाज आला.