सभासद आहात काय?

अमेरिकेचं नागरिकत्व मागायचं तर एन-400 नावाचा फॉर्म भरावा लागतो. मी भरला 2019 साली. तेव्हा त्याची फी 725 डॉलर होती. पण फीपेक्षा जास्त घाम फोडला तो एका प्रश्नानं: आजवर जगात कुठंही, कुठल्याही संस्थेचे, संघटनेचे, मंडळाचे, क्लबचे किंवा सोसायटीचे सभासद होता काय? असल्यास नाव, उद्देश आणि तारखा लिहा. खाली जेमतेम चार ओळी मावतील एवढा तक्ता.

हा प्रश्न ज्यानं काढला तो बारामती-इंदापूर रस्त्यानं कधी गेलेला नसणार. आमचं गाव त्याच रस्त्याला, भवानीनगरच्या अलीकडे. तालुका इंदापूर, बाजार बारामतीचा आणि पाणी नीरा डाव्या कालव्याचं. आमच्याकडे पोराचं बारसं नि शेअर या दोन गोष्टींत फारसं अंतर नसतं. मी गावी फोन लावला. घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यापासून सुरुवात केली; मग विकास सोसायटी, दूध संस्था, खरेदी-विक्री संघ, पतसंस्था, पाणीवापर संस्था. "आणि तालमीचं मंडळ लिही. दोन वर्षं खजिनदार होतास, हिशोब अजून दिला नाहीस."

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या वकीलबाई म्हणाल्या, शपथेवर उत्तरं द्यायची आहेत, सगळं लिहा. मग तक्त्याला पुरवणी जोडली.

मुलाखतीच्या दिवशी उजवा हात वर करून शपथ घेतली. अधिकारी लाल पेन घेऊन एकेका उत्तरावर टिचकी मारत चालला होता. पुरवणीपाशी पेन थांबलं.

"हा कारखाना कुणाचा?"

"शेतकऱ्यांचा. सगळ्यांचा मिळून."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. फॉर्मात पुढचाच प्रश्न होता: कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आहे काय? मी घाईघाईनं सांगायला लागलो, की 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं हा प्रयोग उभा केला, त्याचा मॉस्कोशी काडीचा संबंध नाही. मालक सभासदच असतात. पण मालकी जाणवते ती वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेत, माईक हातात येईपर्यंत. ते त्याला पटलं असावं. भागधारकांच्या सभा त्यांच्याकडेही होतात.

"छत्रपती म्हणजे?"

"राजा," मी म्हणालो, आणि जीभ चावली. कारण थोडं मागंच दुसरा प्रश्न दबा धरून बसला होता: परदेशात वंशपरंपरेनं चालत आलेली पदवी वा सरदारकी आहे काय? आडनाव पाटील. आमच्या राज्यात 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी रद्द झाली, असं शांतपणे सांगितलं नि सुटलो. संध्याकाळी अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "कायद्यानं गेली. घरातून गेली असं कुठं सांगितलंस?"

नागरिकशास्त्राचं मात्र काही अवघड नव्हतं. तेव्हा 100 प्रश्न आधीच हातात द्यायचे, त्यांतले जास्तीत जास्त 10 विचारायचे आणि 6 बरोबर आले की परीक्षा संपायची. एवढ्यावर आमच्या मास्तरांनी कुणाला वरच्या वर्गात ढकललं नसतं. वाचायला वाक्य आलं, 'मत कोण देऊ शकतं?' आणि लिहायला, 'नागरिक मत देऊ शकतात.'

'तुमचा खासदार कोण?' हाही त्या 100 मधला एक. एडिसनचे तेव्हाचे फ्रँक पलोन. पाठांतर ऐकता ऐकता अण्णांनी अडवलं होतं. "कुणाचा कोण हा? आधी कुठल्या गटात होता?" गटबिट नाही, पण 1988 पासून सलग निवडून येतो म्हटल्यावर त्यांना अमेरिकेविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

शेवटच्या शपथेत परक्या राजांशी आणि सत्ताधीशांशी असलेली निष्ठा सोडायची असते. "सोड," अण्णा म्हणाले, "फक्त चेअरमनच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

आपल्या 1955 च्या कायद्यानं, परक्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट जमा केला, ओसीआय कार्ड आलं. त्यावर येता येतं, राहता येतं, वारसानं आलेली शेतजमीन ठेवता येते. नवी विकत घेता येत नाही, मतही देता येत नाही. जमिनीचं अण्णांनी पचवलं. मताचं नाही. 2024 ला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा तर ते माझ्याशी आठवडाभर तुटक बोलत होते. घरातलं एक मत न्यू जर्सीत कुजत पडलंय म्हणाले.

परवा गावाकडून एका तरण्या कार्यकर्त्याचा फोन आला. सोसायटीची निवडणूक लागली होती.

"दादा, यायला लागतंय."

"अरे, मी आता भारताचा नागरिक नाही."

"ते दिल्लीचं दिल्ली बघंल. आपल्या यादीत नाव हाय की तुमचं! पुणे विमानतळापासून पुढची गाडी माझ्याकडं लागली. त्याच्या अलीकडचं तेवढं तुम्ही बघा."