उघडच आहे, त्यात काय सांगायचं!

निवृत्त मास्तराकडे गावात दोन कामं आपसूक चालून येतात: लग्नात माइक धरणं आणि लोकांचे अर्ज लिहून देणं. सिंदेवाहीत माझ्याकडे आता तिसरं आलं आहे, एजंटाच्या टूल्सची वर्णनं लिहिण्याचं. 'एजंट' ऐकल्याबरोबर आमच्या हिने आधी विम्याची पावती शोधून ठेवली.

हा एजंट विम्याचा नाही, एआयचा आहे. माझ्या भाच्याने नात्यातल्याच एका धान गिरणीसाठी तो बनवला आहे. मालकाने मोबाइलवर विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं. बोलणं त्याला येतं, पण गोदामाच्या हिशेबात डोकवायचं तर हाती टूल लागतं. ही सोय ओपनएआयने जून 2023 मध्ये 'फंक्शन कॉलिंग' या नावाने दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिकने एमसीपी आणलं, म्हणजे टूल जोडायची सगळ्यांना चालेल अशी एक रीत. पण टूलच्या पोटातला कोड एजंटाला दिसत नाही. दिसतं ते नाव, खालचं वर्णन आणि काय काय भरून द्यायचं त्याची यादी.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग आणि लेबल असतं: वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत. धानाची उगवण किमान 80 टक्के लागते, पण म्हणून कोणी दुकानात पिशवी फाडून दाणे भिजत घालत नाही. टॅग वाचतो आणि पैसे मोजतो. ज्या गावात कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या पोराला हे शिकवावं लागू नये. तरी भाच्याचे टॅग पाहा. 'धान_बघ: धानाची माहिती देते.' 'धान_चौकशी: धानाबद्दल माहिती मिळवते.' तिसऱ्याचं नाव 'स्टॉक', वर्णन, 'स्टॉक'.

पहिल्याच दिवशी मालकाने विचारलं, "एचएमटी किती आहे?" एजंटाने धानाच्या या तीन टूल्सवरून नजर फिरवली, त्यातल्या त्यात सुशिक्षित वाटलं ते उचललं आणि सुरुवात केली: नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, 1983 मध्ये पटेल-3 च्या शेतात त्यांना दिसलेल्या वेगळ्या लोंब्या, त्यातून निवडून काढलेलं बारीक धान, आणि त्या काळच्या लाडक्या घड्याळावरून व्यापाऱ्याने ठेवलेलं नाव. शब्द न् शब्द खरा. पण हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. दारात ट्रक उभा, मालकाला हवी पोती, आणि हा सांगतोय चरित्र!

"मामाजी, त्याला कळायला पाहिजे होतं," भाचा म्हणाला. "उघडच आहे ना!"

मी मास्तरकीच्या अनुभवाने सांगतो, जगातले निम्मे घोळ या 'उघडच आहे' मधून निघतात. जे सांगणाऱ्याला उघड असतं, तेच नेमकं कागदावर नसतं. मी लाल पेन काढला. दोन जुळी टूल्स मिळून एक केलं, त्याचं नाव 'वाण_माहिती'. 'स्टॉक'चं बारसं करून खाली लिहिलं:

'साठा_पाहा: गोदामात आत्ता शिल्लक असलेली पोती सांगते. "किती आहे", "उरलं का" असं विचारल्यास वापरावे. भावासाठी वापरू नये. त्यासाठी भाव_पाहा आहे. वाणाचे नाव द्यावे, उदा. एचएमटी, जय श्रीराम. धान की तांदूळ, तेही द्यावे. फक्त पाहते, काही बदलत नाही.'

पुढे 'ऑर्डर_पक्की' या टूलमध्ये 'मात्रा' नावाचा रकाना. त्यात नुसता आकडा. मालक बोलतो खंडीत, मुनीम मोजतो पोत्यांत, सरकारी खरेदी चालते क्विंटलमध्ये. "20 म्हणजे 20 काय?" मी विचारलं. "क्विंटल. उघडच..." भाचा अर्ध्यातच थांबला. रकान्याचं नाव 'मात्रा_क्विंटल' झालं.

त्या 'ऑर्डर_पक्की'ला तर मी चौकटच घातली: मालकाने स्पष्ट 'हो, पाठव' म्हटल्याशिवाय वापरू नये. आमच्याकडे "पाहू" म्हणजे नाही, "पाहू ना" म्हणजे बहुतेक नाही, आणि "पाठवू म्हणता?" हा नुसता वेळ काढायचा धंदा. यातल्या कशावरही ट्रक निघता कामा नये. चूक झाली की एजंटाला मिळायचं 'एरर 400'. त्याजागी लिहिलं: 'हे वाण यादीत नाही, पुढीलपैकी एक द्या.' नापास केलेल्या पोराला निदान काय चुकलं ते सांगावं.

मग भाच्याला चेव आला. एकेका टूलला पानभर निबंध. पण ही वर्णनं एजंटापुढे प्रत्येक प्रश्नासोबत नव्याने जातात, आणि शब्दांचं बिल लागतं. ते आल्यावर निबंधाचं आपोआप टिपण झालं. परीक्षक म्हणून त्याच्या मामीला बसवलं. प्रश्न वाचायचा आणि उलट काही न विचारता यादीतून टूल निवडायचं. ती जिथे अडली, तिथे एजंटही अडला.

गिरणीचे जुने मुनीम हा कागद बराच वेळ वाचत होते. म्हणाले, "मास्तर, येवढं समजावून मले कधी कोनी सांगतलं नाही. मले तं नुसतं 'ते करून टाक' म्हनते." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली सरकवली. मालक आतून ओरडले, "मुनीमजी, ते पाठवून द्या ना!" मुनीमजींनी चष्मा लावला, काचेवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "वाण? धान का तांदूळ? किती क्विंटल? आनि 'हो, पाठव' म्हनलं नाही तुमी."

मालकाने भाच्याला फोन करून विचारलं, की हे मुनीमजींमधून काढता येतं का.