न पेरलेल्या भाताचं पीक

आपल्या शेतकऱ्याला फुकट खायची सवय लागली, असं चहाच्या घोटागणिक म्हणणाऱ्यांनी एकदा टेक्सासच्या व्हार्टन काउंटीत जाऊन यावं. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येचा हा भाताचा मुलूख. 2006 साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदारांना या भागात भाताच्या जुन्या जमिनीवर बंगले दिसले, बंगल्यापुढे हिरवळ दिसली आणि त्या हिरवळीपोटी मालकाच्या खात्यात शेतीचं सरकारी अनुदान जमा होताना दिसलं! 1996 च्या अमेरिकी शेती कायद्यापासून पैसे पिकाला नव्हतेच. इथे कधीकाळी भात होत असे, या नोंदीला होते. घर, थोडी जमीन, चार गुरं, वर अनुदान. अशा मालमत्तेला ‘काउबॉय स्टार्टर किट’ असं नावही पडलं. ज्या जमीनमालकांना हिशेब कळला, त्यांनी खंडाने भात करणाऱ्याला बाहेर काढलं. पेरलं नाही तर सगळेच पैसे आपले, मग पेरायचं कशाला?

बरं, जमीन पडीक चालते, तर शेतकरी तरी जिवंत कशाला हवा? 1999 ते 2005 या काळात अमेरिकी कृषी खात्याने 1,72,801 मृतांच्या नावे 110 कोटी डॉलर वाटल्याचं सरकारच्याच तपासनीस संस्थेने 2007 मध्ये सांगितलं. आपल्याकडे जिवंत माणसाला ई-केवायसीसाठी सेतू केंद्रात अंगठा घासत बसावं लागतं. नांगराने रेषा झिजलेल्या असतात, मशीन ओळख देत नाही.

थेट पैसे वाटण्याची अमेरिकेतली ती पद्धत 2014 मध्ये बंद झाली. आता भाव किंवा उत्पन्न पडलं तरच पैसे. पण हिशेब अजून बराचसा त्या जुन्या नोंदींवरच. माणशी मर्यादा 1,25,000 डॉलरची होती, 2025 च्या कायद्याने ती 1,55,000 केली. माणसं कमी पडू नयेत याची सोय 2018 मध्येच झाली होती. भाचे, पुतणे, चुलत-मावस भावंडं, सगळे कौटुंबिक शेतीत धरले गेले आणि व्यवस्थापन बघतो म्हटलं की हक्कदार. आपला चुलतभाऊ बांधावर येतो तो कोर्टाची तारीख घेऊन. तिकडचा अनुदानाचा फॉर्म घेऊन. भाऊबंदकी मिटवण्याचा हा मार्ग आपल्या महसूल खात्याला का सुचला नाही?

उत्पन्नाची अट तिथेही आहे. वर्षाला सरासरी 9 लाख डॉलरच्या वर कमावत असाल, तर बहुतेक अनुदान नाही. त्याच्या आतले सगळे गरजू. आपल्या पीएम-किसानला मात्र प्राप्तिकर भरला की नाव कापलं जातं आणि नवरा, बायको, अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब. वर्षाला 6000 रुपये, तेही 2000 च्या तीन हप्त्यांत. राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे 6000 धरले तरी बारा हजार.

म्हणून आपली योजना जास्त न्यायाची, असं कुणी समजू नये. रक्कम लहान असली तरी पैसा इथेही सातबाऱ्याकडे बघूनच चालतो. मालक पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, हप्ता त्याच्या खात्यात. रान कसतो बटाईदार. बियाणं, खत, उधारी त्याच्या माथी. पीएम-किसानच्या यादीत त्याचं नाव नाही, कारण जमीन त्याच्या नावावर नाही.